ख्रिस्ती समुपदेशन शिकायचंय : बायबल कॉलेज करू, मानसशास्त्र करू, की ऑनलाइन डिप्लोमा पुरेल?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, तुमच्या चर्चच्या मंडळीत तरुण संघाचं काम बघता, पोरं-पोरी आणि आता त्यांच्या आयासुद्धा आपली गाऱ्हाणी तुमच्यापाशी घेऊन येतात. म्हणून ख्रिस्ती समुपदेशन आणि पाळकीय सेवेचं, म्हणजे पास्टरच्या कामाचं, रीतसर शिक्षण घ्यायचंय. बायबल कॉलेज करावं, मानसशास्त्रात एम.ए. करावं, की जाहिरातीत दिसलेला सहा आठवड्यांचा ऑनलाइन डिप्लोमा चालेल?

शेवटच्याचं उत्तर आधी देते : नाही चालणार. का, ते पुढे येईलच.

मी एका मिशन हॉस्पिटलात चॅप्लेन आहे, म्हणजे रुग्णांना भेटून मनाला आणि श्रद्धेला आधार देणारी. या पदाला मराठीत धड शब्दच नाही. वॉर्डात मला सगळे ‘सिस्टर’ म्हणतात. काही जण नन समजून, बहुतेक जण नर्स समजून. ‘सिस्टर, सलाईन संपलंय’ हे दिवसातून चार वेळा ऐकते आणि खऱ्या सिस्टरना हाक मारून आणते. बाकीचं काम म्हणजे खाटेशेजारच्या स्टुलावर बसणं. त्या स्टुलावर कसं बसायचं हे शिकण्यात माझी काही वर्षं गेली, त्यामुळे तुमच्या प्रश्नावर जरा लांबच लिहितेय.

आमच्याकडे या शिक्षणाचा कणा म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजेच सीपीई. याची सुरुवात अमेरिकेत अँटन बॉयसन नावाच्या पाळकाने केली. १९२० साली तो स्वतःच मनोविकाराने आजारी पडून इस्पितळात दाखल झाला होता. बरा झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की डॉक्टरांना आपल्या धर्मविचारांशी देणंघेणं नव्हतं आणि पाळकांना आपल्या आजाराशी. मग तो मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथल्या मनोरुग्णालयात चॅप्लेन झाला आणि १९२५च्या उन्हाळ्यात त्याने धर्मशास्त्राचे विद्यार्थी तिथे आणून वॉर्डात कामाला लावले. पुस्तकं वाचता तशी माणसं वाचायला शिका, असं त्याचं म्हणणं होतं. आज तिकडे सीपीईचं एक युनिट ४०० तासांचं असतं आणि त्यातला बराचसा वेळ रुग्णांजवळ जातो. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) हे प्रशिक्षण मिळतं.

सीपीईत ‘व्हर्बेटिम’ लिहावं लागतं. रुग्णाशी झालेलं बोलणं खोलीवर येऊन आठवेल तसं शब्दन्‌शब्द कागदावर उतरवायचं. तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, मध्ये कोण गप्प झालं, कुणी कुठे बघितलं, सगळं. ओळींना आकडे द्यायचे. आणि दुसऱ्या दिवशी पाच-सहा सोबती आणि सुपरवायझर यांच्यासमोर ते वाचायचं. माझं पहिलंच व्हर्बेटिम खाली देतेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मधुमेहाने पाय सडल्यामुळे गुडघ्याखाली पाय काढलेले पन्नाशीचे गृहस्थ, ट्रॅक्टर चालवून पोट भरणारे.

रुग्ण १ : डावाच गेला बघा. क्लचचा.
मी १ : आता जयपूर फूट फार चांगले मिळतात, काका. लोक सायकलसुद्धा चालवतात.
रुग्ण २ : हां. चालवत असतील.
मी २ : देवावर भरवसा ठेवा.
रुग्ण ३ : ठेवलाय की. (खिडकीकडे बघतात.)
मी ३ : प्रार्थना करू का तुमच्यासाठी?
रुग्ण ४ : करा.

मला वाटलं होतं, छान झाली भेट. प्रार्थनेपर्यंत पोचलो! सुपरवायझरनी लाल पेनाने ‘रुग्ण २’भोवती गोल केला आणि म्हणाले, “माणूस इथेच उठून गेला. पुढचं तू एकटीच बोलतेयस.” मग विचारलं, “ते पायाबद्दल बोलत होते की ट्रॅक्टरबद्दल?” मला सांगता येईना. गटातल्या एका मुलीने हळूच विचारलं, “तू त्यांना इतक्या घाईघाईने बरं का करत होतीस?” माझ्या वडिलांनाही मधुमेह आहे, त्यांच्या अंगठ्याची जखम तेव्हा दोन महिने भरत नव्हती. हे मी तोवर गटात कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःशीही धड बोलले नव्हते, खरं तर. त्या दिवशी वर्गात रडले.

दुसऱ्या दिवशी परत गेले. स्टूल ओढलं आणि एवढंच म्हटलं, “काल क्लचचा पाय म्हणालात.” पाऊण तास बोलले ते. ट्रॅक्टर कर्जाचा, हप्ते अजून फिटायचेत, मुलाने अकरावी सोडून स्टिअरिंग हातात घेतलंय, आणि त्यांच्या जिवाला लागलं होतं ते हे, मुलाचं. पाय नव्हे. मी त्यांच्या परवानगीने आमच्या सोशल वर्करताईंना निरोप दिला. बँकेत काय बोलायचं, मुलाला पुन्हा कॉलेजात कसं घालता येईल, हे त्यांनी बघितलं. त्या दिवशी प्रार्थना झाली नाही. त्यांनी मागितली नाही, मीही विचारलं नाही.

सहा आठवड्यांच्या ऑनलाइन डिप्लोमात व्हिडिओ असतील, बायबलमधल्या वचनांची यादी असेल, परीक्षा असेल. तुमचं बोलणं ऐकून ‘माणूस इथेच उठून गेला’ असं सांगणारं कुणी नसेल. कोर्स निवडताना माहितीपुस्तकात विषयांची नावं बघत बसू नका. फोन करून दोनच गोष्टी विचारा : प्रत्यक्ष माणसांबरोबर किती तास काम करावं लागतं, आणि त्या कामावर देखरेख कोण करतं? उत्तराला आढेवेढे घेतले, तर फोन ठेवा.

आता बायबल कॉलेजचं. पाळक व्हायची हाक तुम्हाला आहे का, यावर सगळं ठरेल. असेल, तर बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, धर्मशास्त्राची पदवी) करा. पदवीधरांना साधारण चार वर्षं लागतात आणि त्यात पाळकीय सेवा व समुपदेशन हा विषय असतो. पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, सेमिनरी म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज. ती आधी यवतमाळला होती, १९८३ साली पुण्यात आली. आमच्या आधीच्या पिढीतले पाळक अजूनही ‘यवतमाळला शिकलो’ असंच सांगतात. आपल्याकडच्या बऱ्याच प्रोटेस्टंट सेमिनऱ्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, जोडलेल्या आहेत. हे सेरामपूर बंगालातलं हो, नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. माझ्या आत्याने माझा अर्ज तिकडच्या एसटीने पाठवायची तयारी केली होती! मिशनरी विल्यम केरी आणि त्याच्या साथीदारांनी १८१८ साली ते कॉलेज काढलं. त्याआधी, १८०५ साली, केरीचं मराठी व्याकरणही तिथेच छापलं गेलं होतं, म्हणजे मराठी माणसाचं त्या गावाशी नातं जुनंच. बी.डी.नंतर समुपदेशनातच पुढे जायचं तर दोन वर्षांचं एम.टीएच. (धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी) करता येतं. शिकवणं मुख्यतः इंग्रजीत असतं, त्याची तयारी ठेवा. कॅथलिक असाल तर वाट वेगळी, त्याबद्दल तुमच्या फादरनाच विचारा. पुण्यात नगर रोडला ज्ञानदीप ही संस्था आहे, तिथे फादर आणि सिस्टर दोघंही शिकतात.

पाळक व्हायचं नसेल, फक्त समुपदेशन करायचं असेल, तर मी म्हणेन, एम.ए. मानसशास्त्र किंवा समुपदेशनाचं पदव्युत्तर शिक्षण आधी करा आणि ख्रिस्ती बाजू नंतर जोडा. वेल्लोरलाच ख्रिश्चन काउन्सेलिंग सेंटर आहे, तिथे मानसशास्त्र आणि विश्वास यांची सांगड घालून शिकवतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत समुपदेशनाचा अभ्यासक्रम आहे. (जाता जाता : टाटा संस्थेचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे मिशनरीच होते, नागपाड्याच्या नेबरहूड हाउस या समाजसेवा केंद्राचे. मिशनवाल्यांनी मानसशास्त्र-समाजकार्याला भ्यावं असं आपल्या इतिहासात तरी काही नाही.) एक लक्षात ठेवा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही पदवी वेगळी, तिला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. बी.डी. करून किंवा डिप्लोमा करून कुणी ती पाटी लावू नये. लावलेली मी पाहिली आहे.

‘मानसशास्त्र कशाला, पवित्र शास्त्र पुरेसं आहे’ असं तुम्हाला मंडळीत कुणीतरी सांगेलच. या विचाराचा एक पंथच आहे, १९७०च्या सुमारास अमेरिकेत जे ॲडम्स या पाळकाने तो जोरात मांडला. दुःखाच्या मुळाशी पाप शोधायचं, वचनाने सुधारायचं. मला तो पटत नाही. पापाबद्दल बोलूच नये असं माझं म्हणणं नाही, नवऱ्याने बायकोला मारलं तर ते पापच आहे आणि तसं म्हणावं. पण बाळंतपणानंतर तीन आठवडे झोप न लागलेल्या मुलीला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ हे सांगणारे त्याच पंथाचा आधार घेतात. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांच्याइतके चांगले समुपदेशक जगात नव्हते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि त्याचं पाप शोधायला लागले.

एका गावात फिट येणाऱ्या मुलीच्या गोळ्या ‘विश्वासाने’ बंद करून तिला प्रार्थनेला बसवलेलं मी पाहिलंय. आमच्याकडे आणली तेव्हा तिला एकामागून एक झटके येत होते. वाचली. तिच्या आईला मी काय बोलणार होते? तिला जे सांगितलं गेलं ते तिने केलं. भूत काढायच्या नावाखाली मारहाण हा तर महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो सगळ्या धर्मांच्या मांत्रिकांना सारखाच लागू आहे, आपल्याही.

म्हणून चांगल्या प्रशिक्षणात आपलं काम कुठे संपतं हे शिकवतात. जीव द्यायचे विचार, कानात आवाज येणं, दिवसेंदिवस झोप नाही, दारू बंद केल्यावर होणारी थरथर : यातलं काहीही दिसलं की मनोविकारतज्ज्ञ, आणि आपण सोबत जायचं. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ नंबर, मराठीत बोलता येतं, तो पाठ असू द्या. लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच देऊन बसू नका. तरुण संघात काम करता म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

गुप्ततेचं म्हणाल तर आपल्या मंडळ्यांमध्ये ते सगळ्यात अवघड. सगळे एकमेकांचे सोयरे. आणि आपल्याकडे चुगलीलाही एक पवित्र रस्ता आहे : “बाकी कुणाला सांगू नका हं, फक्त प्रार्थनेसाठी म्हणून सांगते.” गुरुवारच्या प्रार्थनासभेत अमक्याच्या सुनेचं नाव न घेता अशी प्रार्थना होते, की सभा सुटायच्या आत सगळ्या गल्लीला सून कोण ते कळतं. तुमच्याकडे आलेल्या माणसासाठी प्रार्थना करायची तर घरी, दार लावून करा.

आणखी एक, हॉस्पिटलात जायचा विचार असेल तर. आमचे बहुसंख्य रुग्ण ख्रिस्ती नसतात. ट्रॅक्टरवाले काका माळकरी होते. आजारी माणूस अंथरुणाला खिळलेला असतो, नको असलं तरी उठून जाऊ शकत नाही. अशा माणसापुढे धर्म मांडणं मला लबाडी वाटते. त्यांच्या उशाला पांडुरंगाचा फोटो होता. डिस्चार्जच्या दिवशी बॅग भरताना तो सापडेना, तर खाटेखाली वाकून मीच शोधून दिला.

खर्च, प्रवेशाच्या तारखा वगैरे त्या त्या संस्थेला विचारा, दरवर्षी बदलतात. अर्ज करण्याआधी उन्हाळ्यात महिनाभर जवळच्या मिशन हॉस्पिटलात चॅप्लेनबरोबर फिरायला मिळतं का, ते विचारून बघा. बरीच पोरं तिसऱ्या दिवशी येणं बंद करतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि सेमिनरीच्या अर्जाला तुमच्या पाळकांचं शिफारसपत्र लागतं. त्यामुळे तुम्ही जाताय हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत स्वतः जाऊन सांगा. गुरुवारच्या आधी.