गायरानात मेंढरं कायमची बंद केली तर जमीन सुधारेल का?

तुम्ही म्हणताय गायरान दगडासारखं झालंय, पाणी मुरत नाही, तर चराई कायमची बंद करावी का. मी अथणीकडचा, घरी मेंढरं होती, म्हणून सांगतो, कायमची बंद करायची गरज नाही, पण कधी आणि किती चारायचं हे मात्र बदलायलाच लागतंय.

मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतात ते गवताची बारीक मुळं, त्यातून सुटणारा चिकट द्रव आणि बुरशीचे धागे. गवत खाल्लं की खाली मुळांवर पण परिणाम होतो. अमेरिकेत क्रायडर नावाच्या संशोधकाचे 1955 चे प्रयोग आहेत, निम्मा पाला काढला तरी मुळं जवळजवळ तशीच वाढत राहिली, पण 80 टक्के काढला तर 12 दिवस वाढ पार बंद. आमच्याकडं तर जूनमध्ये कोंब फुटतोय तोवर जनावरं आत, मग मारवेलसारखं चांगलं चाऱ्याचं गवत जातं आणि कुसळीसारखं टोचरं गवत राहतं. उघड्या मातीवर पावसाचे थेंब आपटून वर पापुद्रा धरतो, पाणी वरच्यावर वाहतं, आणि 500-600 मिलिमीटर पावसाच्या भागात तेवढं पाणी गेलं की काय उरलं सांगा.

दुसरं म्हणजे ओल. वाळलेल्या जमिनीवर खूर पडला तर फार बिघडत नाही, ओल्या मातीवर पडला की वरची चार बोटं दाबून बसतात. काळं रान उन्हाळ्यात भेगाळून स्वतःच मोकळं होतं, पण गायरान बहुतेक मुरमाड, तिथं ते होत नाही, म्हणून तिथं जास्त जपा.

खुरांनी पापुद्रा फुटून जमीन सुधारते असं पण बरेचजण सांगतात, मला ते पटत नाही. बहुतेक ठिकाणी मोजलं तर जास्त तुडवल्यावर पाणी कमीच मुरतंय. फायदा होतो तो विश्रांतीचा. आणि धनगरांना दोष देऊ नका, ते मेंढरं एका जागी ठेवतच नाहीत, उलट लेंडीखतासाठी शेतात मेंढरं बसवायला आपणच धान्य देऊन बोलावतो की.

गायरानाचे तीन भाग करा, एक भाग पावसाळाभर बंद, बी झडल्यावरच सोडा, दरवर्षी भाग बदला. आत्ता एक बघा, बांधाजवळचं एक वाळलेलं ढेकूळ आणि गायरानातलं एक, दोन ग्लासात पाण्यात हळूच सोडा. गायरानातलं लगेच विरघळून गाळ झाला तर मुळं गेलीत समजा, बंद ठेवलेल्या भागातलं ढेकूळ दरवर्षी असंच टाकून बघत रहा.