पाटीवर तेवढंच लिही

पोरी,

तुझं पत्र वाचलं. नौदलातल्या आजोबांच्या ट्रंकेत वीर चक्र निघालं नाही. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, ही 1971 च्या युद्धातली मोहिमेची पदकं, एवढंच. आणि इकडे वाचनालयाच्या भिंतीवर 'कराची पेटवणारे वीर' अशी पाटी लावायचं गावानं ठरवलंय. खरं सांगावं तर घरचे दुखावतात, गप्प बसावं तर तुझं मन खातं.

आजोबा खोटं बोलले का, असं विचारतेस. अगं, तूच लिहिलंयस की ते फक्त 'आम्ही सोबत होतो' म्हणायचे. पेटवणं-बिटवणं पुढच्या पिढीनं चिकटवलं. मोहिमेचं पदक एकच गोष्ट सांगतं: हा माणूस तिथे होता. त्यांनीही नेमकं तेवढंच सांगितलं.

आता 'तिथे होता' म्हणजे काय, ते ऐक. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाईल बोटींनी कराचीसमोर मारा केला. त्यांचं नेतृत्व करणारे कमांडर बबरू भान यादव यांना महावीर चक्र मिळालं, ते रास्तच होतं. पण या बोटी मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या, पल्ला तोकडा. रशियाहून आल्या तेव्हा त्यांना उचलेल अशी क्रेन मुंबईत नव्हती, म्हणून कलकत्त्याला उतरवून दुसऱ्या जहाजांनी ओढत, अख्ख्या दक्षिणेला वळसा घालून मुंबईला आणल्या. कराचीच्या वाटेवर त्यांच्यासोबत किल्तान आणि कचाल या युद्धनौका होत्या, तेल द्यायला पोषक हे जहाज होतं. सोबत नसती तर मारा कुठला व्हायला?

तुझे आजोबा अशाच एका सोबतीच्या जहाजावर इंजिनरूममध्ये होते. माझी सगळी नोकरी इंजिनरूममध्येच गेली, म्हणून सांगतो. खाली माणसाला समुद्र दिसत नाही. कानठळ्या बसतात, बोलणं खुणांनी होतं, ओव्हरऑल पाठीला चिकटलेला असतो आणि नजर तेलाच्या प्रेशरच्या काट्यावर. वर काय झालं ते वरून कुणी सांगेल तेव्हा कळणार. त्या जागी उभा असलेला माणूस कराची पेटवत नाही. तो जहाज चालतं ठेवतो. हे तुमच्या पाटीला कमी वाटतं?

पाचच दिवसांनी, 9 डिसेंबरला, दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. 18 अधिकारी, 176 नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, असायलाच हवं. पण त्यांच्याबरोबर गेलेल्यांत इंजिनावरचे होते, स्वयंपाकघरातले होते. तेही तिथे होते. आजोबांचं जहाज परत आलं, एवढाच काय तो फरक, आणि समुद्रावर निघताना तो कुणालाच माहीत नसतो. म्हणून 'नुसतं मोहिमेचं पदक' असं पुन्हा लिहू नकोस. 'नुसतं' हा शब्द मला सहन होत नाही.

आणि कराची बंदरातल्या केमारीच्या तेलटाक्या नेमक्या कुणी पेटवल्या यावर हवाई दल आणि नौदल यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला. तुम्ही मात्र तो एका इंजिनिअरच्या नावावर मिटवून मोकळे!

माझ्या एका जिवलग मित्राच्या शोकसभेत मला असंच फुगवलेलं मानपत्र वाचायला दिलं होतं. मी वाचलं नाही. त्याचा मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही, आणि त्याच्या घराचं दार मला बंद झाल्याचं दुःख आहे. पण त्या कागदावरचा माणूस माझा मित्र नव्हता. माझा मित्र तिथे होता, मी त्याला तिथे पाहिलं होतं, त्याच्या जागी दुसराच कुणी उभा करायला माझी जीभ धजली नाही. लोक हट्टी म्हणतात. म्हणोत. उद्या तसाच कागद हातात दिला तरी वाचणार नाही.

तेव्हा घरच्यांशी भांडत बसू नकोस, पण पाटीचा मजकूर तू लिही. नाव, हुद्दा, भारतीय नौदल, 1971 च्या युद्धात पश्चिम आघाडीवर सेवा, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल. विशेषण एकही नको. जहाजाचं नाव घालायचं असेल तर नौदलाकडे सेवेच्या नोंदीसाठी अर्ज कर, उत्तर येईपर्यंत ती जागा मोकळी सोड. गाव घाई करेल, करू दे.

मेडलच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. पॉलिश लावून घासू नकोस, अक्षरं झिजतात. मऊ कापडानं पुस, उजेडात कडेचा फोटो काढ आणि मला पाठव.

तुझा,
काका