वेलक्रोचा मावळा

प्रश्न : फर्मागुडीच्या शिवजयंतीला मुलगा मावळा होणार आहे. भाड्याचा अंगरखा सॅटिनचा, त्याला वेलक्रो. घरी शिवायचा तर काळाला धरून कसा शिवू? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, सॅटिन आधी परत करा. महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला 1675 मध्ये. भाड्याचं सॅटिन बहुधा पॉलिस्टरचं, आणि पॉलिस्टर आलं विसाव्या शतकात, आणि फेब्रुवारीच्या उन्हात त्यात पोर उकडून निघेल! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाडसर मादरपाट पाहा. कापण्याआधी रात्रभर भिजवून धुवा, नाहीतर नंतर आटतो.

बटणं नकोत, कापडाचेच बंद लावा. मुघल दरबाराच्या रिवाजात हिंदूंचा जामा (घेरदार अंगरखा) डाव्या बगलेखाली बांधत, मुसलमानांचा उजव्या. तुम्हीही डावीकडेच बांधा. बगलेत तळहाताएवढा चौकोनी तुकडा तिरका बसवा. तो नसला की भाला उचलताना अख्खा अंगरखा वर चढतो. भाड्याच्या कपड्यांत हाच तुकडा गाळलेला असतो, कापड वाचवायला.

आतल्या शिवणी मशीनवर मारल्या तरी माझी हरकत नाही, कोण उसवून बघतोय? गळा, घेर आणि बंद मात्र हातानेच. रंग पांढरा किंवा मंजिष्ठेचा विटकरी. झगझगीत भगवा पागोट्यापुरता ठेवा.