नारळ किनाऱ्याला येत नाही, मग बंधाऱ्यावर आदळतं ते काय?

तुमचा प्रश्न: लाटा फुटतात त्याच्या पलीकडे पडलेला नारळ तासभर तिथेच वरखाली होतो, मग रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या समुद्री बंधाऱ्याचे दगड हलवण्याइतकं बळ लाटेत येतं कुठून?

तिथे लाटेबरोबर पाणी पुढे जात नाही, ऊर्जा जाते. पाण्याचा कण उभ्या वर्तुळात फिरतो: माथ्याखाली पुढे, खळग्याखाली मागे. दर फेरीत किंचित पुढे सरकतो, पण नारळाला त्याहून जास्त हलवतात ते वारा आणि भरती-ओहोटीची ओढ.

ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते. खळग्यापासून माथ्यापर्यंत १ मीटर उंच लाटेत दर चौरस मीटरला सुमारे १,२५० जूल, २ मीटरच्या लाटेत ५,०००. उंची दुप्पट, तर ऊर्जा चौपट.

लोक उंची बघतात आणि आवर्तनकाळ, म्हणजे दोन माथ्यांमधले सेकंद, सोडून देतात. इथेच फसगत होते. खोल पाण्यात लाटेचा वेग सेकंदाला १.५६ × आवर्तनकाळ इतके मीटर, आणि ऊर्जा त्याच्या निम्म्या वेगाने सरकते. १ मीटर उंचीची ८ सेकंदांची लाट आडव्या पसरलेल्या माथ्याच्या दर मीटरला ७.८ किलोवॅट आणते, तेवढ्याच उंचीची १४ सेकंदांची जवळपास १४. वारा पडलेला असताना दक्षिण हिंदी महासागरातून येणाऱ्या बुटक्या, लांबट लाटा म्हणूनच हलक्या समजू नका. (हवामानाच्या अंदाजातली उंची ही सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते; ती वापरलीत तर हे किलोवॅट निम्मे धरा.)

मोजायचं असेल तर फुटणाऱ्या लाटा मोजू नका, बाहेर नांगरलेली होडी बघा. ती माथ्यावर आली की घड्याळ सुरू करून ‘शून्य’ म्हणा, दहावा माथा आला की थांबवा, दहाने भागा. सुरुवात ‘एक’पासून केलीत तर उत्तर दहा टक्के कमी येईल.

आता बंधारा. लाटेच्या लांबीच्या, म्हणजे दोन माथ्यांमधल्या अंतराच्या, निम्म्याहून पाणी उथळ झालं की तिला तळ जाणवू लागतो. ८ सेकंदांच्या लाटेची लांबी १०० मीटर, म्हणजे ५० मीटर खोलीपासूनच. आवर्तनकाळ तोच राहतो, पण वेग घटतो, माथे जवळ येतात आणि पुळणीजवळ उंची वाढते. उंची खोलीच्या साधारण ०.८ पट झाली की लाट फुटते. तिथून पुढे मात्र पाणी खरोखर किनाऱ्याकडे फेकलं जातं, आणि परतताना अरुंद पट्ट्यातून समुद्रात ओढतं. पोहणारे सापडतात ते याच ओढीत.

बंधाऱ्याच्या पायथ्याशी १ मीटर पाणी असेल तर ०.८ मीटरपेक्षा फारशी मोठी लाट तिथवर न फुटता पोचत नाही. उधाणाच्या भरतीला तिथे ३ मीटर झालं की २.४ मीटरची पोचते: ऊर्जा नऊपट. समुद्र तोच असला तरी नुकसान भरतीच्या त्या एक-दोन तासांत होतं, ते यामुळे.

सरळ उभी भिंत लाट परतवते, समोर उंची जवळजवळ दुप्पट होते आणि पायथ्याची वाळू उपसली जाते. उतरते, पोकळ्या ठेवून रचलेले दगड तीच ऊर्जा फेसात आणि घुसळणीत जिरवतात. म्हणून बंधाऱ्याची पाहणी माथ्यापासून नको. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला खाली उतरून पायथ्याचा दगड वाळूत किती रुतलाय आणि कुठे उघडा पडलाय ते आधी बघा.