तुमचे प्रश्न : ग्रुप सोडला तर कळणार कसं?

मागच्या अंकात एका वाचकाचं छोटं पत्र छापलं होतं, "फेसबुक-व्हॉट्सॲप सोडायचंय, पण जगापासून तुटायचं नाहीये, मार्ग सांगा." त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळचं सदर त्यालाच दिलंय. पत्रलेखकांची नावं काढलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातला (जि. कोल्हापूर), नदीकाठचा. पावसाळा आला की पाणी किती वाढलं, धरणाचे दरवाजे किती उघडले हे सगळं ग्रुपवरच कळतं. पण निम्मं खोटं असतं. गेल्या पावसाळ्यात धरणाच्या दरवाजांचा जुना व्हिडिओ बघून शेजाऱ्यांनी रात्रीत जनावरं हलवली. ग्रुप सोडावा तर खरं पण कळायचं नाही अशी भीती. काय करू?

ग्रुपवर जे खरं असतं ना ते पण कुणीतरी कुठूनतरी उचलूनच टाकलेलं असतं, आणि उचलताना नेमकी तारीख-वेळ गळून पडते. म्हणून तुम्ही मूळ जागीच जायचं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी पावसाळ्यात जिल्हा प्रशासन रोज जाहीर करतं, 39 फुटांला इशारा आणि 43 फुटांला धोका. कृष्णेसाठी सांगलीचा आयर्विन पूल बघतात, तिथं इशारा 40 ला आणि धोका 45 ला. नृसिंहवाडीला दोन्ही नद्या एकत्र येतात त्यामुळं तुम्हाला दोन्ही आकडे लागतात, शिवाय वर कोयनेतनं किती सोडलं आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातनं किती पुढं जातंय तेही. हे मी तुम्हाला काय सांगायचं म्हणा, किती फुटांला पाणी कुणाच्या दारात येतं हे तुमच्याकडं शाळकरी पोराला पण पाठ असेल. मुद्दा एवढाच की हे सगळे आकडे सरकारी आहेत, उघडे आहेत, आणि ते बघायला कुठल्याच ग्रुपात असावं लागत नाही.

केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' नावाचं ॲप 2023 मध्ये आलंय, त्यात नद्यांच्या पातळ्या दिसतात. हवामान खातं प्रत्येक जिल्ह्याला हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा इशारा देतं, तो त्यांच्याच साईटवर बघायचा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' टाकून ठेवा आणि विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएमनं केलेलं 'दामिनी'. दिसायला फार भारी नाहीत ही ॲपं, कधीकधी रडतात पण, पण त्यात कुणी काका फॉरवर्ड करत नाहीत हे मोठं सुख. आणि ॲप नकोच असेल तर 1077, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष, साध्या फोनवरून लागतो.

आता तो व्हिडिओ. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चांगल्या पावसाळ्यात कुणी ना कुणी त्याचं शूटिंग करणारच, आणि एका वर्षीचं शूटिंग दुसऱ्या वर्षी फिरायला कितीसा वेळ लागतो, पाण्यावर काय तारीख छापलेली नसते. तुमच्या शेजाऱ्यांना हसू नका मात्र. 2005, 2019, 2021 चे पूर बघितलेला माणूस जनावरं हलवणारच. खोट्या फॉरवर्डनं याच्याहून फार वाईट झालंय आपल्याकडं, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला 1 जुलै 2018 ला मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड अशी मर्यादा घातली. म्हणजे घोळ कुठं आहे हे कंपनीला पण माहितीये, फक्त उपाय आपल्या जिवावर करतात.

अजून एक. तुमच्याच जिल्ह्यात जून 2023 मध्ये तणाव झाला तेव्हा इंटरनेट बंद केलं होतं, पण साधे कॉल आणि एसएमएस चालू होते. पुरात तर लाईटच जाते, टॉवर झोपतो. तेव्हा गल्लीतल्या घरांचे नंबर एका कागदावर लिहून घ्या, कुणी कुणाला फोन करायचा ते आधीच ठरवा, एकानं दोघांना, त्या दोघांनी पुढच्या दोघांना. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांच्या दारात कोण जाणार तेही. हा कागद मेच्या शेवटी करायचा, ऑगस्टमध्ये नाही.

ग्रुप सोडाच असं म्हणत नाही मी. पण तिथं आलेला आकडा मूळ जागी बघितल्याशिवाय पुढं ढकलायचा नाही एवढं पाळलंत तरी तुमच्या गल्लीत शांतता होईल.

प्रश्न : मी फॅमिली ग्रुप सोडला. परिणाम असा की मावसबहिणीचा साखरपुडा झाल्याचं मला फोटो बघणाऱ्या तिसऱ्याच माणसाकडून कळलं आणि वर आत्या म्हणते "तूच सोडून गेलीस ना आम्हाला". मी ग्रुप सोडला, घर नाही सोडलं! (पुणे)

आत्यांशी भांडणात मी पडणार नाही, पण तुमचं थोडं चुकलं असं वाटतं, म्हणजे सोडण्यात नाही, न सांगता सोडण्यात. "अमुक ताई लेफ्ट" अशी ओळ आता फक्त ॲडमिनला दिसते, पण बातमी सगळ्यांना कळतेच, आणि आपल्याकडं ती ओळ म्हणजे जेवता जेवता ताटावरून उठल्यासारखी वाटते लोकांना. आधी चार मोठ्या माणसांना फोन करून सांगितलं असतं की आत्या मला ते दिवसभर टुंग टुंग सहन होत नाही, काही असलं तर मला फोन कर नाहीतर मेसेज टाक, तर निम्मा राग वाचला असता. अजूनही करा. आत्याला फोन करा, आणि नंतरही करत रहा, कारण ग्रुपवर नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बाजूनं फोन येईल ही अपेक्षा चुकीची आहे, पहिल्यांदा आपल्यालाच करावा लागतो आणि हे जरा जास्तीचं काम आहे, ते नाकारून उपयोग नाही.

ग्रुप नको पण खबर हवी यासाठी एक चांगला मार्ग म्हणजे ईमेल. हसू नका. मेलची गंमत अशी की तुमचा पत्ता एका कंपनीचा, भावाचा दुसऱ्या कंपनीचा, काकांचा त्यांच्या जुन्या ऑफिसच्या सर्व्हरवरचा, तरी एकमेकांना मेल जातोच, त्यासाठी सगळ्यांनी एकाच मालकाच्या दारात उभं राहावं लागत नाही. घरातल्या एखाद्या उत्साही पोराला किंवा रिटायर्ड काकांना पकडा, महिन्यातून एकदा सगळ्यांना एक मेल, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणी नवीन घर घेतलं, दोन-चार फोटो, बस. ज्यांना मेल वाचता येत नाही त्यांना तीच प्रिंट काढून द्यायची. आणि ज्यांना चॅटसारखंच दिसायला पाहिजे त्यांच्यासाठी 'डेल्टा चॅट' नावाचं फुकट ॲप आहे, दिसतं व्हॉट्सॲपसारखं पण आत मेलच जातो.

अजून एक काम आज रात्रीच करा. फोनमधल्या सगळ्या नंबरांची फाईल काढून पेनड्राईव्हवर ठेवा, कॉन्टॅक्टमध्ये 'एक्सपोर्ट' असतं बघा. ऑर्कुट आठवतंय? 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. ज्यांची ओळख फक्त तिथल्या पानावर होती, ना नंबर ना पत्ता, ती माणसं परत शोधता शोधता बऱ्याच जणांच्या नाकी नऊ आले. आणि 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सहा तास बसले होते, कारण मालक एकच. त्या रात्री कुणाकुणाचे नंबर आपल्याकडं नाहीत हे भल्याभल्यांना कळलं.

प्रश्न : आम्ही टोरांटोला असतो. इथं फेसबुकवर आणि इन्स्टावर बातम्याच दिसत नाहीत, मराठी पेपरांची पेजेस पण रिकामी. गावाकडचं कळायला काय करावं?

हो, कॅनडानं जून 2023 मध्ये कायदा केला की बातम्यांवर धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी बातमी देणाऱ्यांना पैसे द्यावेत, त्यावर मेटानं (फेसबुक-इन्स्टाच्या मालक कंपनीनं) ऑगस्टपासून तिथं बातम्याच बंद केल्या, परदेशी पेपरांच्या सुद्धा. त्याच महिन्यात यलोनाईफ शहराजवळ वणवा आला, वीसेक हजार लोकांना घरं सोडून निघावं लागलं, आणि तेव्हा लोकांना बातमीची लिंक फेसबुकवर टाकता येईना. सरकारचं चुकलं का कंपनीचं यावर तुमच्याकडं अजून वाद चालू असेल. माझं मत विचाराल तर ज्याच्या भिंतीवर आपण बातमी वाचतो तो भिंत कधीही पुसू शकतो, कायदा हे निमित्त.

तुमचं काम मात्र सोपं आहे. फीड रीडर नावाचा प्रकार वापरा. याला आरएसएस म्हणतात (शाखावालं नव्हे, हे वेगळं), 1999 पासून आहे, गुगलनं आपला रीडर 2013 मध्ये बंद केला तेव्हापासून लोक विसरले पण तंत्र जिवंत आहे. अँड्रॉइडवर 'फीडर', आयफोनवर 'नेटन्यूजवायर', दोन्ही फुकट आणि दोन्हीत जाहिरात नाही. त्यात आवडीच्या साईटचा पत्ता टाकायचा, नवीन काही आलं की तिथं येतं, ज्या क्रमानं छापलं त्या क्रमानं, कुणी मधे बसून तुम्हाला काय आवडेल ते ठरवत नाही. बीबीसी मराठीचं फीड आहे, बऱ्याच पेपरांची आहेत, यूट्यूबच्या चॅनेलचंही घेता येतं, म्हणजे यूट्यूब न उघडता कळतं की नवीन व्हिडिओ आलाय. सुरुवातीला पाच-सातच घ्या. पन्नास घेतले की परत तीच गर्दी.

आणि रेडिओ! आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एआयआर' ॲप टाका. इकडं सकाळचे सात वाजतात तेव्हा तुमच्याकडं उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ, थंडीत साडेआठ. जेवणं आटपता आटपता गावाकडचं सकाळचं प्रसारण. प्रादेशिक बातम्यांचा मजकूर त्यांच्या साईटवर वाचायला पण मिळतो.

प्रश्न : व्हॉट्सॲपऐवजी सिग्नल ॲप वापरलं म्हणजे सुटलो का? ते पण अमेरिकेचंच ना? (ठाणे)

अमेरिकेचंच, पण कंपनीच्या शेअरवाल्यांचं नाही, ना-नफा फाउंडेशनचं आहे, 2018 मध्ये व्हॉट्सॲपच्याच एका संस्थापकानं, ब्रायन ॲक्टननं, पाच कोटी डॉलर घालून उभं केलं. मेसेज कुलूपबंद ठेवायचं तंत्र दोन्हीकडं एकच आहे, व्हॉट्सॲपनं ते सिग्नलवाल्यांकडूनच घेतलं. फरक पडतो तो तुम्ही कुणाशी, किती वेळा, कधी बोलता या माहितीत, ती सिग्नल जवळजवळ ठेवतच नाही. सुटलात असं नाही म्हणणार, दार बदललं म्हणू. 2021 च्या जानेवारीत सगळे उड्या मारून तिकडं गेले आणि महिन्याभरात बरेचसे परत आले कारण आई-बाबा इकडंच होते. तेव्हा आधी दोन-तीन जवळची माणसं न्या, सोसायटी नंतर.

प्रश्न : मी नाशिकची, प्रायोगिक नाटक करते. इन्स्टा डोकं खातं पण प्रयोगाला लोक तिथूनच येतात. मॅस्टोडॉन चालेल का?

खरं सांगू? प्रेक्षक आणायला नाही चालणार. मॅस्टोडॉन चांगलंय, ट्विटरसारखंच आहे, 2016 मध्ये एका जर्मन पोरानं सुरू केलं, कुणा एकाच्या मालकीचं नाही, वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. 2019 च्या नोव्हेंबरात ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्यावर आपल्याकडून पुष्कळ लोक तिकडं गेले होते, पण मराठी गर्दी जमली नाही, आजही विरळच आहे. गप्पा मारायला जा, हाऊसफुल्लसाठी जाऊ नका.

तुमच्यासाठी माझा सल्ला जुनाट आहे. प्रत्येक प्रयोगाला दारात एक वही ठेवा, नाव आणि मेल किंवा नंबर, "पुढच्या प्रयोगाचं कळवू का?" एवढंच विचारून. ज्यानं तिकीट काढून नाटक बघितलं आणि स्वतःच्या हातानं नंबर लिहिला तो एक माणूस शंभर लाईकवाल्यांपेक्षा परत यायची शक्यता जास्त, हे कुठल्याही नाटकवाल्याला विचारा. वही भरत गेली की इन्स्टावर फक्त तारीख आणि पोस्टर टाकायचं, स्क्रोल करायचं नाही, जमलं तर ते काम ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणालातरी द्यायचं ज्याचं डोकं तुमच्यापेक्षा टणक आहे. वाचनालयाच्या बोर्डावर पोस्टर लावा, अजूनही सकाळी फुकट पेपर वाचायला तिथं गर्दी असते आणि ती माणसं बोर्ड वाचतात. वही मात्र कुणाला देऊ नका, क्लासवाल्यांना तर अजिबात नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीत वार्षिक सभेची नोटीस फक्त व्हॉट्सॲपवर टाकली. मी ग्रुपवर नाही. सेक्रेटरी म्हणतात "टाकलं होतं की". (डोंबिवली)

टाकलं असेल, पण ते पुरेसं नाही. आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी सभासदाला द्यायची असते आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायची असते. ग्रुपवर टाकायचं तर खुशाल टाका, ते वरचं. सेक्रेटरींना लेखी पत्र द्या की मला नोटीस मिळाली नाही, यापुढं या ईमेलवर आणि हातात प्रत द्यावी, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच देत नसतील तर पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा. सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे पत्र ऑगस्टच्या आधी गेलेलं बरं.