शस्त्रसामग्री, स्तोत्र ९१ आणि रात्रीची भीती

प्रश्न : मी रोज सकाळी इफिसकरांस पत्राच्या ६व्या अध्यायातली देवाची शस्त्रसामग्री (सत्याचा कमरपट्टा, उरस्त्राण, शिरस्त्राण, तलवार वगैरे) एकेक नाव घेऊन 'चढवते'. घाईत एखाद्या दिवशी राहून गेले तर दिवसभर धास्ती वाटते. त्या दिवशी संरक्षण नसते का?

असते. नाव घेतल्याने ती चढत नाही आणि विसरल्याने उतरत नाही. उरस्त्राण आणि शिरस्त्राण यशया ५९:१७ मध्ये परमेश्वर स्वतः घालतो; तेच तो आपल्याला देतो. ते त्याचे आहे, म्हणून तर टिकते.

आपल्याकडे काय उरते? त्याच पत्रात दोन अध्याय आधी पाहा. खोटे सोडा (४:२५), राग सूर्यास्तापलीकडे नेऊ नका, सैतानाला वाव देऊ नका (४:२६-२७). सकाळी सत्याने कंबर कसली आणि दुपारी बिलावर खोटा आकडा घातला, तर पट्टा तिथेच सुटला. 'तू प्रार्थनेच्या लायकीची नाहीस' हा आरोप आला की आपल्या चांगुलपणाची यादी काढू नका, ती कधीच पुरत नाही. रोमकरांस ८:३३-३४ वाचा.

तलवारीचे, म्हणजे देवाच्या वचनाचे, मात्र शिकावे लागते. आपण वारंवार कुठे पडतो ते एक ठिकाण ओळखा (राग, मत्सर, चोरून पाहिलेले काही) आणि नेमके त्यावरचे एक वचन संदर्भासह पाठ करा. अरण्यात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही वेळा 'अनुवाद' या पुस्तकातूनच उत्तर दिले, ८:३, ६:१६ आणि ६:१३. प्रत्येक वचन त्या त्या मोहाला लागू पडणारे. ऐन वेळी पुस्तक चाळत बसलो तर उशीर होतो.

इफिसकरांस ६ मधले १८वे वचन बहुतेक जण गाळतात. तिथे सर्व पवित्र जनांसाठी प्रार्थना सांगितली आहे. पत्र अख्ख्या मंडळीला लिहिलेले आहे, तेव्हा दोघा विश्वासूंना आपली खरी अडचण सांगून ठेवा. एकट्याने लढणारा लवकर थकतो.

प्रश्न : देव राखील असे वचन देणारे स्तोत्र ९१ रोज म्हणणाऱ्या माणसालाही अपघात होतो. मग वचनाचे काय?

याच स्तोत्राची ११-१२ वचने सैतानाने येशूला ऐकवली होती, मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक म्हणून. येशूने देवाची परीक्षा पाहायला नकार दिला. प्रेषितांची कृत्ये १२ मध्ये हेरोद याकोबाला तलवारीने मारतो आणि पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. असे का, याचे कारण ते पुस्तक लिहिणारा लूक देत नाही; आपणही ते रचू नये. लूक २१:१६-१८ मध्ये तर 'तुमच्यातल्या काहींना ठार मारतील' आणि 'तुमच्या डोक्याच्या केसाचाही नाश होणार नाही' हे दोन्ही एकापाठोपाठ येते. सैतानाने पेत्राला गव्हासारखे चाळायला मागितले, तेव्हा त्याला चाळले जाऊ नये अशी नव्हे, तर त्याचा विश्वास ढळू नये अशी प्रार्थना येशूने केली (लूक २२:३२). 'तुमचा विश्वास कमी पडला' असे दुःखात असलेल्या घरी कोणी बोलत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

प्रश्न : पहाटे जाग येते, पण हलता येत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. हा दुष्टात्मा आहे का?

आधी साधे कारण पाहा. स्वप्नाच्या झोपेत स्नायू सैल पडलेले असतात. मेंदू आधी जागा झाला तर काही सेकंद ते एक-दोन मिनिटे शरीर हलत नाही आणि भासही होतात. याला स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात. अपुरी झोप, अनियमित वेळा आणि उताणे झोपणे यांनी ते वाढते. वेळ ठरवून झोपा, कुशीवर झोपा. वारंवार होत असेल किंवा दिवसा झोप अनावर होत असेल तर डॉक्टरांकडे जा.

प्रार्थनाही करा, झोपताना स्तोत्र ४:८ पुरेसे आहे. आरडाओरडा करून सैतानाशी वाद घालायची गरज नाही. आद्यदेवदूत मीखाएलसुद्धा सैतानाला 'प्रभू तुला धमकावो' एवढेच म्हणाला (यहूदा ९). येशूचे नाव मंत्रासारखे वापरणारे स्किवाचे सात मुलगे उघडेनागडे, घायाळ होऊन पळाले (प्रेषितांची कृत्ये १९:१६). आणि 'आता मुक्ती झाली, गोळ्या बंद करा' असे सांगणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका.