ओल आधी, रेक्झिन नंतर : जुन्या गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरला की गाडीच्या आतल्या कामांची पत्रं वाढतात. या वेळी त्यातली सहा घेतली आहेत.

माझ्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. दर पावसाळ्यात ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाखाली आणि मागच्या बाजूलाही पाणी साचतं. आता नवं कार्पेट आणि वर सेव्हन-डी मॅट टाकायची आहे. कोणती घ्यावी? (चिपळूण)

सध्या कोणतीच घेऊ नका. पाणी कुठून येतं हे सापडेपर्यंत आत घातलेली प्रत्येक वस्तू ओल धरून ठेवणार. सेव्हन-डी मॅट, म्हणजे फ्लोअर कडेपर्यंत झाकणारी जाड मॅट, तर ती ओल दिसूही देत नाही. वरून सगळं कोरडं नि चकचकीत, आणि खाली पत्रा दोन पावसाळ्यांत चाळणी.

आधी आतलं काढा. दोन्ही पुढच्या सीटचे बोल्ट सोडवा, उंबऱ्यावरच्या पट्ट्या काढा, मग कार्पेट आणि त्याखालचा नमदा (दाबलेल्या धाग्यांचा जाड थर) बाहेर. नमदा पिळून पाहा, किती पाणी निघतं ते बघून थक्क व्हाल. उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा किंवा वर्तमानपत्राच्या पट्ट्या पसरा, म्हणजे ओघळ कुठून सुरू झाला ते नेमकं दिसेल. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसेल आणि दुसरा बाहेरून बागेच्या पाइपने पाणी सोडेल. धार हलकी ठेवा, प्रेशर वॉशर नको. सुरुवात खालून करा : आधी उंबरा, मग दार, मग काचेचा खालचा कोपरा, शेवटी टप. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच कळत नाही.

शेजारच्या सीटच्या पायाखाली पाणी येण्याची कारणं तीन. कोरड्या दिवशीही एसी लावल्यावर ओल होत असेल, तर एसीचा पाणी सोडणारा पाइप तुंबलाय किंवा निसटलाय. पाणी हाताला बुळबुळीत लागलं, रंग हिरवट असेल आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर ते कूलंट आहे, म्हणजे हीटरची जाळी किंवा तिचा पाइप गळतोय. फक्त पावसातच येत असेल, तर वायपरखालच्या खोबणीत साचलेला पालापाचोळा आणि पुढच्या काचेचं रबर, हे दोन संशयित. काचेचं रबर प्लॅस्टिकच्या पट्टीने अलगद उचला आणि रबर व पत्रा यांच्यामध्ये न वाळणारं सीलंट भरा. रबराखालची पत्र्याची कडच गंजून फुगलेली दिसली, तर सीलंटचा काही उपयोग नाही. काच उतरवून कड दुरुस्त करावी लागेल.

मागच्या पाण्याला बहुतेक वेळा दारंच जबाबदार असतात. दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी दारात उतरून तळच्या भोकांतून बाहेर पडावं, अशीच ती रचना असते. ते आत येऊ नये म्हणून दाराच्या पॅडमागे, म्हणजे आतल्या बाजूच्या आवरणामागे, प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. कुणीतरी कधीतरी स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन बदलताना तो फाडतो आणि जाताना फेकून देतो. पॅड काढा आणि २०० मायक्रॉनचं पॉलिथिन दाराच्या मापाने कापा. ते ब्यूटाइलच्या चिकट पट्टीने कडेकडेने लावा. खालची कड मात्र दाराच्या फटीत आत सोडा, म्हणजे कागदावरचा थेंब दारातच पडेल. ती कड बाहेर राहिली की सगळी मेहनत वाया. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरू नका. त्यातल्या ॲसिडने पत्रा गंजतो. तळची भोकं मोकळी करायला प्लॅस्टिकचा केबल टाय पुरतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसला तर रंग निघतो आणि गंज तिथूनच धरतो.

आता पत्रा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण वाजला तर ठीक, खरखर वाजला तर टोकाने दाबून पाहा. टोक आरपार गेलं तर तिथे वेल्डिंगला पर्याय नाही. एम-सील किंवा फायबर लावून भोक झाकलं, तर गंज आत वाढतच राहतो आणि सीट ज्या पत्र्यावर बोल्टने धरलेली आहे तोच कमकुवत होतो. वेल्डिंग करणाऱ्याला आधी सांगा की खालून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी गेली आहे. बॅटरी सोडवलेली असू द्या, आग विझवायचं साधन हाताशी ठेवा. वरवरचा गंज असेल तर तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग रस्ट कन्व्हर्टर, डब्यावर लिहिली आहे तेवढी वेळ थांबून. त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, सांध्यांवर सीम सीलर आणि शेवटी रंग. नुसत्या रेड ऑक्साइडवर विसंबू नका, कोकणच्या हवेत तो टिकत नाही. फ्लोअरमधली रबरी बुचं जागच्या जागी बसवा, फुटलेली बदला. एक बूच विसरलं तर रस्त्यावरचं पाणी थेट आत.

दोन-तीन दिवस कडक उन्हात सगळी दारं उघडी ठेवा. त्यानंतर कार्पेट. सिंथेटिक नीडल-पंच घ्या आणि खाली सुती नमद्याऐवजी ६ ते १० मिलिमीटरचा क्रॉसलिंक फोम. तो पाणी पीत नाही. वर सुटे रबरी मॅट टाका, उचलून झटकता येतात. सीटचे आणि सीटबेल्टचे बोल्ट परत लावताना पहिले चार आटे हातानेच फिरवा. वाकडा आटा पान्याने रेटला की नट कायमचा गेला.

१९९९ सालच्या सेडानच्या टपाचं कापड सुटून डोक्यावर लोंबतंय. हात लावला की पिवळा भुसा पडतो. कुशनवाला म्हणतो, इंजेक्शनने गोंद सोडतो, पाचशे रुपयांत काम होईल. (छत्रपती संभाजीनगर)

पाचशे रुपये वाचवा. तो भुसा म्हणजे कापडामागचा फोम. उन्हात उभ्या गाडीचा टप साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो, त्यात पावसाळ्याची दमट हवा. वर्षानुवर्षं हे सोसून पॉलियुरेथेन फोमचं पीठ होतं. इंजेक्शनने सोडलेला गोंद त्या पिठालाच चिकटतो, बोर्डाला नाही. आठवडाभर बरं दिसेल, पुढच्या उन्हात पुन्हा लोंबेल, शिवाय कापडावर डाग.

तुमच्या गाडीत कापड एका दाबलेल्या बोर्डावर चिकटवलेलं आहे. जुन्या काही गाड्यांत रेक्झिन तारांवर ताणून टांगलेलं असतं, त्याची पद्धत वेगळी. बोर्ड उतरवायला सन व्हायझर, हँडल, आतला दिवा, खांबांवरची प्लॅस्टिकं आणि दारांची वरची बीडिंग काढा. पुढच्या सीट पूर्ण मागे पाडा आणि दोघांनी मिळून मागच्या दारातून बोर्ड बाहेर आणा. एकट्याने ओढाल तर तो मधे मोडतो. जुनं कापड एका झटक्यात निघेल. खरं काम उरलेला फोम काढण्याचं आहे : नायलॉनचा ब्रश, तोंडाला मास्क आणि तासभर धीर. बोटाला पिवळं लागेनासं होईपर्यंत घासा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, बोर्ड विरघळतो.

नवं कापड ३ मिलिमीटर फोम चिकटवलेलं, विणलेलं, थोडं ताणलं जाणारं हवं. दीड मीटर रुंदीचं सव्वादोन मीटर पुरतं, तरी आधी बोर्ड मोजा आणि चारी बाजूंनी ७ सेंटिमीटर जास्त धरा. गोंद उष्णता सोसणारा सिंथेटिक रबरचा घ्या. सुतारकामाचा पांढरा गोंद उन्हात मऊ पडतो. बोर्ड आणि कापड दोन्हींवर पातळ दोन थर फवारा आणि हाताला तार सुटेनाशी होईपर्यंत थांबा. कापड मधोमध दुमडून अर्धं एका वेळी अंथरा, तळव्याने मध्यापासून कडेकडे सरकवत जा. जोरात दाबू नका, दबलेला फोम पुन्हा उठत नाही आणि तळव्याचा ठसा कायम राहतो. दिव्याचं नि हँडलचं भोक दुसऱ्या दिवशी कापा.

पावसाळी दिवशी हे काम काढूच नका. गोंदातलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली ओल त्यावर धरते आणि पकड निम्मी राहते. लोक मग गोंदाच्या कंपनीला शिव्या देतात.

प्रीमियर पद्मिनीच्या सीट बसक्या झाल्या आहेत. फोम किती जाड घालू? मुंबईत जुन्या सीट मिळतील का? (वसई)

मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. मोडीत जाणाऱ्या टॅक्सींमुळे सुटे भाग मिळायचे, तो ओघ आता आटलाय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चक्कर मारून पाहा, पण टॅक्सीची सीट म्हणजे वीस वर्षं प्रवाशांनी दाबलेली सीट. सांगाडा सरळ असेल तरच घ्या.

जाडी ठरवण्याआधी नेहमीच्या बसण्यात डोक्यापासून टपापर्यंत आणि मांडीपासून स्टिअरिंगपर्यंतचं अंतर मोजून ठेवा. हौसेने जाड फोम घातला की स्टिअरिंग मांडीला घासतं, ही तक्रार नेहमीची. तुटलेल्या स्प्रिंगा बदला, बाकीच्या घासून रंगवा. स्प्रिंगांवर दुहेरी गोणपाट ताणून बांधा. ते नसेल तर स्प्रिंग वर्षभरात फोम कापते. त्यावर २५ मिलिमीटरचा कडक रिबॉन्डेड (तुकडे दाबून बनवलेला) फोम, मग ५० मिलिमीटरचा ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो भरणारा), आणि वर १२ मिलिमीटरचा मऊ थर. डेन्सिटीच्या नावाखाली दुकानात काहीही खपवतात, म्हणून वजन करा : ३० बाय ३० सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर जाड तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर १८० ग्रॅम भरतो. १२०-१२५ भरला तर तो २८ चा आहे.

जुनं कव्हर फाडू नका, उसवा. तेच तुमचं माप. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर आणि जुळणीच्या खुणा करा, शिवणीला १२ मिलिमीटर सोडा. दोरा पॉलिएस्टरचाच, सुती दोरा घामाने कुजतो. रेक्झिन ओढण्याआधी अर्धा तास उन्हात ठेवा, हातात कणकेसारखं येतं. मध्यापासून कोपऱ्यांकडे ओढत ७-८ सेंटिमीटरवर रेक्झिन सांगाड्याला धरणारी एकेक तारेची कडी दाबा. कोपरा आधी पक्का केला की मधे सुरकुत्या पडणारच.

दाराच्या काचा फार जड फिरतात. एक हँडल तुटलंसुद्धा. ग्रीस कुठे लावायचं? (सांगली)

काचेच्या खोबणीत मुळीच नाही. तिथल्या केसाळ रबरात ग्रीस नि धूळ मिळून कानस तयार होते, मग काचेवर उभे ओरखडे. खोबणी ओल्या फडक्याने आणि पातळ पट्टीने साफ करा, वाळू द्या, सिलिकॉन स्प्रे मारा. रबर कडक झालं असेल तर बदला. ग्रीस लागतं ते पॅडच्या आत, मशीनच्या दातांवर आणि सरकपट्टीवर. पॅड काढलाच आहे तर तुटलेल्या क्लिपाही बदला, दार वाजतं ते बहुधा त्यांच्यामुळे.

डॅशबोर्ड पांढरट पडलाय. कोणतं पॉलिश चांगलं? (नागपूर)

चकाकणारं कोणतंच नको. ते पुढच्या काचेत प्रतिबिंब पाडतं आणि धूळ धरतं. कोमट पाण्यात पाच-सहा थेंब सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, मग कोरडं फडकं. बरेचदा पांढरेपणा हे जुन्या पॉलिशचंच कीट असतं. त्यानंतर मॅट दिसणारं, उन्हापासून संरक्षण देणारं ड्रेसिंग. मीटरच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर पेट्रोल, थिनर, स्पिरिट काही लावू नका, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात आणि त्या जात नाहीत. भेगा गेलेल्या डॅशवर सध्या कव्हर घाला. चांगली दुरुस्ती घरी होत नाही.

टाकी फुल केली की दोन दिवस मागच्या सीटजवळ पेट्रोलचा वास येतो. परफ्यूम लावून पाहिला. (इंदूर)

परफ्यूम काढा आणि हे पत्र वाचेपर्यंत टाकी पुन्हा फुल केली नसेल अशी आशा. फुल केल्यावरच वास येतो याचा अर्थ गळती टाकीच्या वरच्या भागात आहे : पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी जोड, हवेचा बारीक पाइप किंवा गेजच्या तोंडाचं गॅस्केट. जुन्या गाड्यांचं नायट्राइल रबर इथेनॉलने फुगतं, नंतर कडक होऊन चिरतं. फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, येऊ लागलं आणि आता तेच सर्वत्र मिळतं. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचे मूळ पाइप चांगले दिसले तरी बदला. दुकानात इथेनॉल चालणारा, आतून फ्लुओरो रबरचं अस्तर असलेला पाइप मागा. नुसता 'पेट्रोलचा पाइप' मागितलात तर जुनाच प्रकार मिळेल. क्लॅम्पही नवे.

मागची सीट उचलून टॉर्चने पाहणं एवढंच तुमचं काम. ओल किंवा डाग दिसला तर पाइप गॅरेजमध्ये, टाकी जवळजवळ रिकामी असताना, बॅटरी सोडवून बदलून घ्या. तोवर गाडी बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीच्या तळघरात उभी करू नका. आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर झाकण घट्ट बसतं का ते तपासा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की पाणी नि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पत्र्याच्या टाकीला तिथूनच गंज धरतो.